खरखरीसकट

घरातल्या जुन्या कॅसेट किंवा रेकॉर्डी संगणकात उतरवायच्या म्हटलं, की बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘सॉफ्टवेअर कुठलं घेऊ’ हा असतो. या पुस्तिकेत त्याचं उत्तर शेवटच्या प्रकरणात, अगदी थोडक्यात दिलं आहे, आणि त्यामागे विचार आहे. ऑडॅसिटीसारखा मोफत प्रोग्रॅम २००० सालापासून उपलब्ध आहे. घरगुती कामाला लागतं ते सगळं त्यात आहे, आणि त्यात मुद्रण करायला एका संध्याकाळीत शिकता येतं. पण उतरलेला आवाज चांगला होणार की वाईट, हे त्या प्रोग्रॅमच्या हाती फारसं नसतं. ते ठरतं टेपला टेकलेल्या हेडपासून संगणकाच्या जॅकपर्यंतच्या वाटेवर. यंत्र कुठल्या अवस्थेत आहे, आवाज कुठल्या भोकातून बाहेर काढला, कुठल्या भोकातून आत घेतला, मधे काय जोडलं, पातळी किती ठेवली, या गोष्टी निर्णायक असतात. या वाटेवर जे हरवतं ते पुढे कुठल्याही कारागिरीने परत मिळत नाही. म्हणून पुस्तिकेचा सगळा भर जोडणीवर आहे. आणि जोडणी नीट झाली की आवाज खरखर, घरघर, खाकरणं, दाराची कडी या सगळ्यासकट जसा आहे तसा उतरवायचा. साफसफाई करायचीच तर ती नंतर, आणि प्रतीवर करायची, असा माझा आग्रह आहे. तो कशासाठी, हे इथे सविस्तर मांडतो.

हा खटाटोप मुळात हवा कशाला, असा आक्षेप सुरुवातीलाच येतो. जुनी गाणी इंटरनेटवर हवी तेव्हा ऐकता येतात, मग घरची कॅसेट कशाला जपायची? विकत घेतलेल्या कॅसेटपुरता हा आक्षेप बराचसा खरा आहे. ज्यांच्याकडे फक्त कंपन्यांनी काढलेल्या कॅसेट आहेत त्यांनी या कामात फार वेळ घालवू नये, असंच मी म्हणेन. पण कॅसेट ही नुसती विकत आणून ऐकण्याची वस्तू कधीच नव्हती. फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती मांडली, तेव्हापासून तिचं वेगळेपण हेच होतं की तिच्यावर घरी बसून मुद्रण करता येत होतं. रेकॉर्ड घरी ऐकता येई, कोरता येत नसे. ऐंशीच्या दशकात टू-इन-वन आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत पोचला आणि त्याच्या लाल बटणामुळे सामान्य माणसाच्या हाती प्रथमच आवाज साठवण्याची सोय आली. बारशातली गाणी, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, भजनी मंडळाचा सराव, आजीच्या ओव्या, शिकवणीला गेल्यावर गुरूंच्या परवानगीने घेतलेली तालीम, परदेशी गेलेल्या मुलाला पत्राऐवजी बोलून पाठवलेली कॅसेट, यांतलं काहीच कुठल्या कंपनीच्या यादीत नाही. त्याची दुसरी प्रत बहुधा जगात कुठेही नसते.

या घरगुती मुद्रणांचं मोल भावनेपुरतं आहे असंही कोणी समजू नये. केसरबाई केरकरांनी गायलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीत गेली. ती साधारण साडेतीन मिनिटांची आहे, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर त्याहून फार मावत नसे. तासभर एका रागात रमणाऱ्या गायकीचा अंदाज तेवढ्यावरून कसा येणार? त्या पिढीतल्या अनेक गायक-गायिकांचं सविस्तर गाणं आज ऐकायला मिळतं ते आकाशवाणीच्या आणि रसिकांनी मैफलीत केलेल्या खासगी टेपांमुळे. लोकगीतांच्या बाबतीत तर हे आणखी ठळक दिसतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या काहींचं सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण केलं. लिहिलेल्या ओवीतून शब्द आणि अर्थ मिळतो, पण गळा कुठे थांबतो, जात्याच्या फेऱ्याबरोबर ओळ कशी वळते, दुसरी बाई कुठे साथ धरते, हे मुद्रणाशिवाय कळायला मार्ग नाही. अभ्यासकांना जे मोठ्या कष्टाने गोळा करावं लागलं, त्या जातीचा ऐवज कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहे.

आता वाटेच्या पहिल्या टोकाकडे जाऊ. कॅसेटमधली टेप ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने हेडसमोरून सरकते. झांजेच्या किणकिणाटात किंवा ‘स’च्या उच्चारात जी धार असते, ती १० किलोहर्ट्झच्या आसपासची धरली, तर सेकंदाला १०,००० कंपनं त्या ४.७६ सेंटिमीटरमध्ये बसवलेली असतात. म्हणजे एका कंपनाच्या वाट्याला पाच मायक्रॉनदेखील येत नाहीत. माणसाचा केस याच्या दहापटीहून जाड असतो. एवढं बारीक लिहिलेलं वाचायचं तर हेडमधली फट टेपशी नेमकी काटकोनात हवी. ती किंचित कलली, की एकाच कंपनाचा चढ आणि उतार एकाच वेळी वाचला जातो, दोन्ही एकमेकांना मारतात आणि धार नाहीशी होते. घरगुती कॅसेटची अडचण अशी, की ज्या टेपरेकॉर्डरवर ती भरली गेली त्याच्या हेडचा कल तिच्यात कायमचा उतरलेला असतो. उत्तम डेकवरही ती मंद वाजते आणि ऐकणारा म्हणतो, कॅसेट खराब झाली. पुष्कळदा ती खराब झालेली नसते. हेडच्या शेजारी कल बदलणारा एक छोटा स्क्रू असतो, बहुधा खाली स्प्रिंग असलेला. आधी हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसून घ्यायचे. मग कॅसेट चालू ठेवून, दोन्ही चॅनेल एकत्र करून, चुंबक नसलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने तो स्क्रू अगदी थोडा इकडे-तिकडे फिरवायचा आणि आवाज सर्वांत लख्ख येईल तिथे थांबायचं. या दोन मिनिटांच्या कामाने जे साधतं ते संगणकात साधत नाही. तिथे उंच कंपनं वाढवायला गेलं, की जी टेपवरून वाचलीच गेली नाहीत ती कुठून वाढणार? वाढते ती टेपची सूं-सूं.

हेडवरून निघालेला आवाज यंत्राबाहेर काढताना तीन पर्याय समोर असतात, आणि इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. डेकच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या मागे लाल-पांढऱ्या आरसीए जॅकची लाइन-आउट, टेप-आउट किंवा रेक-आउट अशी जोडी असेल तर तिथूनच आवाज घ्यावा. ॲम्प्लिफायरची टेप-आउट व्हॉल्यूम आणि बास-ट्रेबलच्या कळींच्या आधी काढलेली असते, त्यामुळे कोणी कळ फिरवली तरी मुद्रणावर परिणाम होत नाही. टू-इन-वनला बहुतेक वेळा हेडफोनचं भोक तेवढं असतं. तेही चालतं, फक्त टोनच्या कळी मध्यावर ठेवायच्या आणि व्हॉल्यूम एकदा लावला की हलवायचा नाही. स्पीकरच्या तारा मात्र संगणकाला कधीही जोडू नयेत. लाइनची पातळी साधारण ०.३ व्होल्टची असते. १० वॉटचा ॲम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण जोरात ९ व्होल्टच्या आसपास देतो. एवढ्याने संगणकाचं इनपुट जळू शकतं.

संगणकाच्या बाजूलाही तसंच आहे. डेस्कटॉपच्या मागे तीन रंगांची भोकं असत: गुलाबी माइकचं, हिरवं स्पीकरचं आणि फिकट निळं लाइन-इनचं. निळं भोक असेल तर काम सोपं आहे. आजच्या लॅपटॉपला ते नसतं. हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असतं, आणि त्यातलं इनपुट माइकसाठी, म्हणजे काही मिलिव्होल्टसाठी, बनवलेलं आणि मोनो असतं. त्यात लाइनचा आवाज घातला की तो फाटतो. शिवाय माइकच्या वाटेवर बोलणं स्पष्ट व्हावं म्हणून प्रतिध्वनी कापणं, मागचा गोंगाट दाबणं, पातळी आपोआप वर-खाली करणं असे उद्योग संगणक न विचारता करत असतो. संगीताची त्यात वाट लागते. उपाय एकच आहे: लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यायचा आणि सेटिंगमधल्या या सगळ्या ‘सुधारणा’ बंद करायच्या. ज्यांच्या हाताशी या कामासाठी मोजकेच पैसे आहेत त्यांनी ते इथे आणि डेकच्या दुरुस्तीत घालावेत.

रेकॉर्डींसाठी आणखी एक टप्पा लागतो. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या पिकअपमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, शिवाय एलपी कोरताना खर्जाकडची कंपनं मुद्दाम दाबलेली आणि उंच कंपनं उचललेली असतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए प्रमाणात हा फरक ५० हर्ट्झला सुमारे १७ डेसिबल आणि १० किलोहर्ट्झला सुमारे १४ डेसिबल आहे. फोनो प्रीॲम्प हे दोन्ही भरून काढतो. तो नसेल तर आवाज बारीक आणि किरटा येतो. जुन्या पेटीवजा रेकॉर्ड प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक किंवा क्रिस्टल पिकअप असतो. त्याची गोष्ट वेगळी आहे, आणि तिला पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. ७८ च्या तबकड्या असतील तर सुईही त्यांच्या रुंद खाचेची घ्यावी लागते. एलपीची बारीक सुई तळाशी घासत जाते आणि खरखर अनेक पटींनी वाढते.

सगळं जोडून झाल्यावर मुद्रणात अखंड ‘हम्म’ ऐकू आला, तर बहुतेक वेळा तो टेपवरचा नसून आपल्या विजेचा असतो. लॅपटॉपचा चार्जर आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडले गेले की आवाजाच्या वायरीतून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो. चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावं. हम्म गेला तर कारण सापडलं. मग दोन्ही यंत्रं एकाच बोर्डवर लावावीत, तरीही भागलं नाही तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतणारा आहे.

पातळीबद्दल एवढंच सांगतो, की सर्वांत मोठा आवाजही उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावा. शून्याच्या वर गेलेला आवाज कापला जातो, आणि करपलेल्या दुधाचा वास जसा कितीही साखर घालून जात नाही तसा तो फाटकेपणा पुढे जात नाही. कमी पातळीवर घेतलं तर बारकावे जातील ही भीती २४ बिटच्या मुद्रणात निराधार आहे. एका बिटमागे सुमारे ६ डेसिबल धरले, तर १२ डेसिबल मोकळे सोडल्याने २४ पैकी दोन बिट खर्ची पडतात. साध्या कॅसेटवर मुळात नऊ-दहा बिटांत मावेल एवढाच पल्ला असतो.

माझ्या आग्रहाचा दुसरा भाग बऱ्याच जणांना पटत नाही. खरखर ऐकून कोणाला आनंद होतो? ती उतरवतानाच काढून टाकली तर वेळ वाचेल, असं त्यांचं म्हणणं. पण ज्याला आपण घाण समजतो त्यात पुष्कळ वेळा माहिती असते. घरगुती टेपरेकॉर्डरचा वेग क्वचितच बरोबर असे. बॅटरी उतरलेली, पट्टा सैल झालेला. भरताना यंत्र ६ टक्के हळू चाललं आणि आज ते बरोबर वेगाने वाजवलं, तर काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो, लयही तेवढीच चढते आणि ओळखीचा गळा परका वाटू लागतो. मूळ पट्टी शोधायची कशी? त्या काळच्या मुद्रणात विजेचा बारीक हम्म बऱ्याचदा उतरलेला असतो. आपल्याकडे तो ५० हर्ट्झचा. आज तो ५३ च्या आसपास दिसला, तर टेप तेवढ्या प्रमाणात जलद वाजते आहे असा अंदाज बांधता येतो. पूर्वी आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सीच बरीच हलत असे, म्हणून या एका खुणेवर विसंबून चालत नाही. पेटीचे स्वर, गायकाची माहीत असलेली पट्टी यांच्याशी ताडून पाहावं लागतं. पण ज्याने उतरवतानाच हम्म कापला, त्याने ही खूणच पुसली.

गोंगाट काढणारे प्रोग्रॅम काय करतात तेही पाहा. ‘हा गोंगाट’ म्हणून एक तुकडा त्यांना दाखवायचा, मग त्या जातीचं सतत चाललेलं आणि हळू असलेलं जे काही असेल ते ते दाबतात. सतत चाललेला हळू आवाज म्हणजे आपल्या संगीतात काय, तर तंबोरा. जवारीतून सुटणारे सूक्ष्म वरचे स्वर टेपच्या सूं-सूंच्या अगदी लगत असतात आणि पहिले तेच जातात. उरतो तो पोकळ, पाण्यातून आल्यासारखा आवाज. जात्यावरच्या ओवीत तर जात्याची घरघर हाच ठेका असतो. प्रोग्रॅमच्या लेखी ती शुद्ध गोंगाट. मैफलीतली दाद, तबलजीने मधेच ठोकून केलेलं तबल्याचं सूर जुळवणं, बाहेरून गेलेली एसटी यावरून जागा, काळ आणि माणसं ओळखता येतात. गोंगाट काढण्याची तंत्रं दरवर्षी सुधारत आहेत, मग आजच वापरायला काय हरकत आहे, असंही कोणी म्हणेल. ती सुधारत आहेत म्हणूनच मूळ मुद्रण अस्पर्श हवं. उद्याच्या चांगल्या तंत्राला काम करायला आजचा कच्चा माल लागेल.

जागेचा प्रश्न आता उरलेला नाही. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर एक तासाचं स्टीरिओ मुद्रण वेव्ह फाइलमध्ये सुमारे १ जीबी होतं, म्हणजे शंभर कॅसेट, प्रत्येकी तासाभराच्या, अंदाजे १०० जीबीत बसतात. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत हेच किमान प्रमाण धरलं आहे. एमपी३ नातेवाइकांना पाठवायला ठीक; मूळ प्रत म्हणून तो ठेवू नये.

स्वस्तातला मार्ग म्हणून यूएसबीची वायर लावलेले छोटे कॅसेट प्लेअर मिळतात, आणि स्पीकरसमोर मोबाइल धरणारेही आहेत. नुसतं बोलणं असेल आणि दुसरं काहीच साधत नसेल, तर मी त्याला विरोध करणार नाही. मात्र त्या छोट्या प्लेअरांचा वेग बहुतेकदा डुलतो, आणि सुरांच्या बाबतीत तो दोष असह्य असतो. मोबाइलमध्ये तर खोलीचा घुमारा, पंख्याचा आवाज आणि फोनची स्वतःची काटछाट हे तिन्ही मिसळतात. एवढं कोण बारकाईने ऐकणार, हा त्यावरचा नेहमीचा प्रतिवाद. पण जुनी टेप पुन्हा वाजेलच याची खात्री नसते. सी-१२० मधली टेप ९ मायक्रॉनच्या आसपास जाडीची असते आणि जुन्या यंत्रात चटकन गुंडाळली जाते. जो आवाज बहुधा एकदाच निघणार आहे तो निघताना समोर काय जोडलेलं आहे, याला महत्त्व आहे.

ध्वनिसंग्रहालयांनी हे काम करावं ही अपेक्षा रास्त आहे, पण अपुरी आहे. पुण्यात १९८२ मध्ये सुरू होऊन पुढे दिल्लीकडे गेलेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीत-संग्रहालयासारख्या संस्थांनी मोलाचं काम केलं आहे, तरी प्रत्येक घरची कॅसेट तिथे जाऊ शकत नाही. आणि मुदत सर्वांनाच सारखी आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच सांगितलं होतं, की २०२५ पर्यंत जे चुंबकीय टेपवरून उतरणार नाही ते बहुतांशी गमावलं असं समजा. टेपचा ऱ्हास हे त्याचं एकमेव कारण नव्हतं. टेप वाजवणारी यंत्रं, सुटे भाग आणि ते बसवणारे हात संपत चालले आहेत, हे तितकंच मोठं कारण होतं. ते वर्ष आलं आणि गेलं. कोकणात, गोव्यात पावसाळ्याच्या दमट हवेत टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नये, ती हेडला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. ती वेगळी काढून जाणकाराकडे द्यावी.

कायद्याबद्दल थोडक्यात. स्वतःच्या ऐकण्यासाठी किंवा अभ्यासासाठी प्रत करणं आणि ती जगासाठी इंटरनेटवर टाकणं यांत फरक आहे. प्रकाशित ध्वनिमुद्रणावर आपल्याकडे ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो, आणि मैफलीत गाणाऱ्या कलावंताचेही स्वतंत्र हक्क असतात. घरातल्या माणसाचा आवाज असला तरी तो इतरांना ऐकवण्याआधी घरच्यांना विचारावं.

पुढची प्रकरणं डेकची तपासणी, वायरी, इंटरफेस, पातळी, फाइलींची नावं आणि दोन ठिकाणी ठेवायच्या प्रती या क्रमाने जातात. ती वाचून होईपर्यंत थांबू नका. घरात चालणारा किंवा दुरुस्त होण्याजोगा डेक असेल तर तो भंगारात देऊ नका. कंपनीचं छापील कव्हर असलेल्या कॅसेट बाजूला ठेवा, आणि ज्यांवर पेनाने नाव-तारीख लिहिली आहे किंवा काहीच लिहिलेलं नाही त्या आधी घ्या. उतरवताना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि कुठला आवाज कोणाचा ते त्यांच्याकडून त्याच वेळी लिहून घ्या. ती माहिती टेपवर नाही.